दोघांची सीट

रुमाल टाकून जागा धरणं ही कला आता मोडीत निघाली आहे, पण आमच्या काळी तिच्यावरून माणसाची पारख व्हायची. मध्यवर्ती बस स्थानकात पुण्याची लाल गाडी फलाटाला लागायच्या आत, ती अजून सरकत असतानाच, तिच्या बाजूने पळत जाऊन खिडकीतून रुमाल आत टाकायचा. नुसता टाकून भागत नसे. तो हव्या त्या सीटवर पडला पाहिजे, आणि पडल्यावर पसरला पाहिजे. एकदा रुमाल पसरला की सीट तुमची. मग दारातल्या रेटारेटीत तुम्ही सगळ्यांच्या शेवटी चढलात तरी तिथे कुणी बसलेलं नसे, आणि बसलंच असेल तर तुमचा रुमाल हातात देऊन मुकाट्याने उठत असे. टोपी, पिशवी, वर्तमानपत्र हेही चालायचं, पण त्यावरून भांडणं होत. रुमालावरून भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही.

मी सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे आराखडे काढण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे कुठल्याही गाडीत पाय ठेवण्याआधी तिचा आराखडा माझ्या डोक्यात तयार असे. सकाळी पुण्याला निघालात तर उजवीकडे बसावं, कारण ऊन डावीकडून येतं. दुपारी निघालात तर उलट. चाकावरची सीट घेऊ नये, गुडघे हनुवटीला लागतात. मागचा बाक घेऊ नये, टाळू छताला लागतो. दाराजवळ बसू नये, प्रत्येक थांब्याला धूळ आणि भांडण दोन्ही आधी तुमच्याकडे येतात. सावलीच्या बाजूची, मधल्या खांबाच्या थोडी पुढची सीट सगळ्यांत उत्तम. एवढा विचार करून जागा मिळवली की मी तिच्यावर डोळे मिटून बसायचो. मी गाडीत झोपतो असं आमच्या घरात बोललं जातं. गाडीने शहराच्या टोकाचा नगर नाका ओलांडायच्या आत माझी मान पडते, अशी बायकोची साक्ष आहे. ते खरं नाही. मी डोळे मिटून विचार करतो.

तर ही सगळी विद्या पणाला लावायची वेळ सेवानिवृत्तीनंतर आली. आमची एकुलती एक मुलगी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहते. तिला दिवस गेले आणि बाळंतपणाला आईने यायचं हे ठरलं. बायको सहा महिने राहणार होती. मी नुसता पोचवायला आणि नातवंडाचं तोंड पाहायला, म्हणजे तीन आठवडे. माझी आई ऐंशीच्या पुढची आहे आणि आमच्याकडेच असते. धाकट्या भावाने तेवढे तीन आठवडे तिला सांभाळायचं कबूल केलं होतं, पुढे त्याच्या घरी लग्न होतं. म्हणून माझं परतीचं तिकीट लवकरचं निघालं आणि बायकोचं पार पुढच्या उन्हाळ्यातलं.

याआधी आम्ही इतके दिवस कधी वेगळे राहिलो नव्हतो. मुलीच्या वेळी ती खुलताबादला माहेरी होती, पण तेव्हा मी दर रविवारी घाट चढून जाऊन येत असे. अमेरिकेला रविवारी जाऊन येता येत नाही. मुलीच्या घरी पोचलं की बायको बाळात आणि स्वयंपाकघरात बुडणार, जावई आणि त्याचे आईवडीलही तिथेच असणार, आणि मग मी एकटा परत येणार. म्हणजे आम्हाला एकमेकांसाठी म्हणून जो वेळ होता तो जाण्याच्या प्रवासातला. तिच्याशिवाय घर कसं चालेल याची मला भीती वाटत होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून मी विमानातल्या सीटच्या मागे लागलो.

यात आणखी एक गोष्ट होती. लग्नाला पस्तीसच्या वर वर्षं झाली, पण आम्ही दोघं प्रवासात शेजारी शेजारी असे कधी बसलोच नव्हतो. आमच्याकडे तशी रीत नव्हती. बायकांनी बायकांत बसायचं, पुरुषांनी पुरुषांत. लग्न लागून खुलताबादहून निघालो तेव्हा नवरी माझ्या आईजवळ बसली आणि मी तिच्या मामांजवळ. ते रस्ताभर मला खत कसं घालावं ते सांगत होते. पुढे ती नेहमी आईशेजारी, मग मुलगी झाल्यावर मुलीशेजारी, आणि मुलगी मोठी झाल्यावर खिडकी मुलीला, तिच्याजवळ आई, आणि मी मागच्या सीटवर सामानाकडे लक्ष ठेवून. मोटारसायकलवर ती मागे बसायची, त्याला शेजारी बसणं म्हणत नाहीत. एकदा नागपूरच्या गाडीत आम्हाला दोघांची सीट मिळाली होती. जालन्याला तान्हं लेकरू घेतलेली एक बाई चढली आणि कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. पुढचा रस्ता त्या दोघींनी एकमेकींची माहेरं शोधण्यात घालवला.

मुलीने फोनवर सांगितलं की मुंबई ते लंडन साधं विमान आहे, पण लंडनहून पुढचं डबल डेकर आहे, दहा-अकरा तासांचं, आणि त्यातली सीट आधीच निवडून ठेवता येते. तिने फोनवर सीटांचा नकाशा पाठवला. मी चष्मा पुसला. इतका स्वच्छ आराखडा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. खालच्या मजल्यावर तीन, चार, तीन अशा सीटा. म्हणजे आम्ही दोघं कुठेही बसलो तरी शेजारी तिसरा माणूस. पण वरच्या मजल्यावर, पार मागच्या भागात, दोन, चार, दोन. खिडकीला लागून फक्त दोनच सीटा. तिसऱ्याला जागाच नाही. शिवाय वरच्या मजल्याला भिंत आत वाकलेली असल्यामुळे खिडकी आणि सीट यांच्यामध्ये झाकणाचा एक लांबट कप्पा होता, माहेरच्या पेटीएवढा. त्यात डबा, शाल, औषधं सगळं हाताशी राहिलं असतं. तो कप्पा मला सीटपेक्षाही आवडला.

मी लगेच निवडलं नाही. घरात विषय मांडला. आईचं मत पडलं की खालीच बसा, वर पाणी चढत नाही. आमच्या शहरात नळाला पाणी केव्हा येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आलं तरी त्याचा जोर किती असतो हेही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे हाल आई गॅलरीत बसून रोज पाहते. विमानात पाण्याची वेगळी सोय असते असं मी सांगितलं. इथंही असंच सांगितलं होतं, असं ती म्हणाली.

मेव्हणा खुलताबादहून सीताफळं घेऊन आला होता. तो खुलताबाद ते शहर अशी काळीपिवळी जीप चालवतो. नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा बसवणारा माणूस म्हणून सीटांच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्या घरात मानला जातो. त्याने नकाशा उभा-आडवा करून पाहिला आणि ड्रायव्हर कुठल्या मजल्यावर बसतो ते विचारलं. मला ते माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "दाजी, लई इचार करू नका. मधी बसा. मधला माणूस कवाच पडत नाय."

मी त्याला खत घालणाऱ्या मामांच्या रांगेत बसवलं आणि सगळं स्वतःच ठरवलं. विमान लंडनहून दुपारी सुटणार, तोंड वायव्येला. म्हणजे ऊन डावीकडे, सावली उजवीकडे. पंखावरच्या सीटा बाद, खालचं काही दिसत नाही. संडासाजवळच्या बाद, ते सांगायला नको. वरचा मजला, उजवी बाजू, दोघांची सीट, पंखाच्या मागे आणि संडासाच्या पुढे. अशी जागा त्या अख्ख्या विमानात एकच शिल्लक होती. सीट निवडायचे वेगळे पैसे पडतात हे शेवटच्या पानावर कळलं. रुमालाला कधी पैसे पडले नव्हते. मुलीने भरले.

बायकोला मी नकाशा दाखवला आणि सावलीचं समजावून सांगितलं. ती वाती वळत होती. तिने विचारलं की एवढा वेळ आपण दोघं तिथं काय करणार. मी म्हणालो, बोलू. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा वाती वळायला लागली.

बोलण्यासारखं खूप होतं. आईच्या डोळ्यांचे थेंब कुठले सकाळचे आणि कुठले रात्रीचे. गॅसवाल्याला कधी सांगायचं. तांदूळ, डाळी, रवा यांचे डबे एकसारखे आहेत, ते ओळखायचे कसे. हे सगळं घरी बसून विचारता आलं असतं. पण घरी विचारलं असतं तर ती जाणार हे पक्कं झाल्यासारखं वाटलं असतं, म्हणून मी ते विमानासाठी ठेवलं. निघायच्या आधी शहागंजात जाऊन तिने मुलीसाठी डिंक, खारका आणि हाळीव घेतले. मी एक नवा रुमाल घेतला, मोठा, चौकड्यांचा. तो कशासाठी असं तिने विचारलं. प्रवासात लागतो असं मी सांगितलं.

मुंबई ते लंडन या विमानात आम्हाला पुढेमागे जागा मिळाल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तो आपला प्रवास नव्हताच. मी डोळे मिटून पुढच्या विमानाचा विचार केला. लंडन आलं तेव्हा बायको माझा खांदा हलवत होती.

लंडनच्या विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट पाहायची होती. मी फलकावर लक्ष ठेवून होतो, तेवढ्यात बायकोने माणूस जोडला. बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी, पायात मुलाने घेतलेले पांढरे बूट, मांडीवर गाठोडं. बीडकडच्या एका गावची. नवरा गेल्यावर मुलगा तिला कायमची आपल्याकडे नेत होता. मुंबईपर्यंत पुतण्या सोडायला आला होता आणि पलीकडे मुलगा घ्यायला येणार होता, पण मधल्या सगळ्या जगात ती एकटी होती. विमानातून उतरल्यापासून तिला कुणाचा शब्द कळला नव्हता. बायकोने "आजी, कुठल्या तुम्ही?" एवढंच विचारलं आणि म्हातारीने तिचा हात जो धरला तो सोडला नाही. चहा घेताना धरला होता, बाथरूमला जाताना धरला होता. मला त्यात काही धोका वाटला नाही. आमच्या सीटा ठरलेल्या होत्या.

विमानात चढायला दोन वाटा होत्या, एक खालच्या मजल्याला आणि एक वरच्या. रांगेत मी पुढे होतो, मागे बायको आणि म्हातारी. मी वरच्या वाटेने आत गेलो, मागचा भाग गाठला आणि आमच्या सीटा पाहिल्या. नकाशात होत्या तशाच होत्या. कप्पाही होता. मी त्याचं झाकण उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. बायको आली तेव्हा तिला खिडकीत बसायला सांगितलं आणि माझ्या सीटवर नवा रुमाल पसरला. तिने विचारलं हे काय. मी म्हणालो, मी जरा जिना पाहून येतो.

"अहो, जागा आपलीच हाय की. नंबर हाय त्याच्यावर."

नंबर असला तरी रुमाल असावा, असं मी म्हणालो. म्हातारी कुठे आहे हे मी विचारलं नाही.

विमानात जिना असतो ही गोष्ट मला काही केल्या पटत नव्हती, म्हणून तो डोळ्यांनी पाहायचा होता. तो अगदी मागे होता, वळसा घेऊन खाली उतरणारा. पायऱ्या अरुंद पण चढाव बेताचा, कठडा दोन्ही बाजूंनी. आमच्या कचेरीच्या जिन्यापेक्षा चांगला काढला होता. लोक चढत होते, त्यांना वाट देत देत मी तो नीट पाहिला. परत आलो तर माझ्या सीटवर म्हातारी बसली होती.

गाठोडं कप्प्यात गेलं होतं. माझा रुमाल नीट घडी घालून बायकोच्या हातात होता. शेजारी विमानातली एक बाई म्हातारीचा पास हातात घेऊन फार नम्रपणे उभी होती. घडलं असं होतं की म्हातारीची सीट खालच्या मजल्यावर होती. पण ती बायकोचा हात धरून वरच्या वाटेने आली होती. मी जिना पाहायला निघालो तेव्हाही ती बायकोच्या मागेच उभी होती, मला मान वळवून पाहायला सुचलं नव्हतं. त्या बाईने तिला खाली चला म्हणून खुणा केल्या, तेव्हा ती रडायला लागली.

बायको मला म्हणाली, "खाली दोन बाप्यांच्या मधी जागा हाय तिची. कशी बसंल ती?"

मी रुमालाकडे पाहिलं. विमानातल्या बाईला मराठी येत नव्हतं आणि बायकोला इंग्रजी, त्यामुळे माझी सीट काढून घेण्याची सगळी बोलणी मलाच करावी लागली. तुम्ही दोघं एकत्र आहात का, असं तिने मला विचारलं. मी म्हणालो, आता नाही. तुम्ही खुशीने बदलताय ना, असं तिने विचारलं. आमच्याकडे म्हातारं माणूस उभं असेल तर हा प्रश्न विचारत नाहीत. मी म्हणालो, खुशीने. म्हातारीने डोळे पुसले आणि माझा हात धरून विचारलं, "लेकरा, तुझी जागा घेतली व्हय मी?"

"नाही आजी. बसा."

आणि मी जो जिना पाहून आलो होतो तोच उतरून खाली गेलो.

मेव्हण्याला कळलं असतं तर तो खूश झाला असता. मी चौघांच्या बाकावर मधे होतो. डावीकडचा माणूस एवढा रुंद होता की आमच्या दोघांमधला हात ठेवायचा दांडा त्याच्यात बुडाला होता. उजवीकडचा तरुण होता आणि बसल्या बसल्या कानात काहीतरी घालून त्याने डोळे मिटले. त्याने मात्र खरंच झोप घेतली, मी जवळून पाहत होतो. पुढे खिडकी नाही, बाजूला खिडकी नाही, ऊन कुठल्या बाजूला आहे ते कळायला मार्ग नाही. मला राग आला होता. म्हातारीचा नाही. बायकोचा. तिने एकदा तरी म्हणायला हवं होतं की आमची ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. तिने एका क्षणात ती देऊन टाकली, घरात पाहुणा आल्यावर ताटातली भाकरी सरकवते तशी. तिला या प्रवासाचं काही वाटत नव्हतं का, असं माझ्या मनात आलं, आणि ते एकदा आलं ते जेवण येईपर्यंत गेलं नाही.

जेवण झालं. मग सगळ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि दिवे मंद झाले. बाहेर भर दुपार होती आणि आत लोक झोपले होते. समोरच्या छोट्या पडद्यावर विमानाचं चित्र समुद्रावर मुंगीसारखं सरकत होतं. मी डोळे मिटून पाहिले. विचार येत होते, पण ते गाडीत येतात तसे नव्हते. मला घरातलं रिकामं स्वयंपाकघर दिसत होतं. आई हॉलमधून विचारते आहे की चहा झाला का, आणि मी साखरेचा डबा शोधतो आहे. हे इतकं स्पष्ट दिसलं की मी डोळे उघडले आणि नंतर मिटले नाहीत.

पाय आखडले म्हणून उठलो. झोपलेल्या तरुणाला ओलांडणं हे चालत्या जीपमधून उतरण्यापैकीच होतं. मागे जिन्यापाशी थोडी मोकळी जागा होती, बाजूला विमानाचं बंद दार आणि त्या दाराला एक लहान खिडकी. तिथे पोचलो तर जिन्यावरून पांढऱ्या पट्ट्यांच्या चपला उतरताना दिसल्या. त्या चपला मी ओळखल्या. मग साडीचा काठ आला, कठड्याला धरलेला हात आला, आणि दुसऱ्या हातात डबा.

माझी रक्तदाबाची गोळी तिच्या पर्समध्ये राहिली होती. ती खाली सगळ्या रांगा शोधणार होती, सापडलो नसतो तर त्या बाईला विचारणार होती. कसं विचारणार होतीस, असं मी म्हणालो. रुमाल दाखवला असता म्हणाली. तो तिने कमरेला खोचलेला होता.

मी गोळी घेतली. तिने डबा उघडला, त्यात दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दाराशी उभे राहून खाल्ल्या. म्हातारी झोपली होती. झोपायच्या आधी तिने तिच्या नवऱ्याचं सगळं सांगितलं होतं, तो कसा गेला, कुठल्या शेतात जाळला, आणि आता त्या गावात आपण परत कधी येऊ की नाही. बायको म्हणाली की तिला एकटीला खाली बसवलं असतं तर आपल्या घशाखाली दशमी गेली नसती. माझा राग तेव्हा गेला होता, पण तो गेला हे सांगायची घाई नव्हती.

खिडकीतून खाली बर्फ दिसत होता. इतका बर्फ की त्यात डोंगर कुठले आणि सपाटी कुठली ते कळत नव्हतं. ऊन होतं, आणि ते डोळ्यांवर येत नव्हतं. आम्ही सावलीच्या बाजूला होतो.

मग मी विचारायला सुरुवात केली. थेंबांचं विचारलं. पांढऱ्या झाकणाचे सकाळी, निळ्या झाकणाचे रात्री. डब्यांचं विचारलं. हलवून पाहायचे, म्हणाली, तांदूळ जड वाजतो, रवा वाजतच नाही. नळाचं विचारलं, कारण पाणी पहाटे कधीतरी येतं आणि आजवर ते आलेलं मला कधी कळलेलं नाही. तिने सांगितलं की पाण्याच्या आधी नळातून हवा येते. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होतो. तो आला की उठायचं, मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत जवळ उभं राहायचं. पस्तीस वर्षं ती तो आवाज ऐकून उठत होती. मला वाटायचं की टाकी भरलेलीच असते.

"मला तो आवाज येईल का?" मी विचारलं.

"येईल. शेजारी मी नसले की येईल."

विमानातली ती बाई मधे एकदा येऊन आमच्याकडे पाहून गेली. तिने पाण्याचे दोन पेले आणून दिले. वर पाणी चढतं का हे तिला विचारायचं आईसाठी राहून गेलं.

जे मी ठरवलं नव्हतं ते मग माझ्या तोंडून निघालं. मी म्हणालो की सहा महिने फार होतात. ती डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसत नव्हतं, तिने ते पुन्हा काढून पुन्हा लावलं.

"लई होतात," ती म्हणाली. "मलाबी भ्याव वाटतंय. पोरीपुढं म्हनता येत नाय."

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मीही तिच्याशी बोललो नव्हतो. आम्ही बाहेर पाहत राहिलो. खिडकी एकाच चेहऱ्याएवढी होती, म्हणून आळीपाळीने पाहावं लागत होतं. एकदा ती, एकदा मी.

थोड्या वेळाने मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं की अख्ख्या विमानात दोघांची अशी एकच सीट उरली होती आणि ती मी शोधून काढली होती. ऊन पाहिलं होतं, पंख पाहिला होता, कप्पा पाहिला होता. ती तू एका मिनिटात देऊन टाकलीस.

"म्हातारीसाठी दिली," ती म्हणाली. मग रुमालाने हात पुसले आणि तो माझ्या हातात दिला. "पन तिथं बसलो असतो तर तुम्ही नगर नाक्याच्या आत झोपला असता."

मी गाडीत झोपत नाही, डोळे मिटून विचार करतो, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. बर्फ संपेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.